वरमाय आणि मोटारीचे सांधे

चहा घ्या आधी. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मी सांगायला लागले की मध्ये कुणी दात काढलेले मला खपत नाहीत. गाढवपणा मी केलाय, तर सांगणारही मीच. निपाणीपासून संकेश्वरपर्यंत लोकांनी तो इतक्या तऱ्हांनी सांगितलाय, की म्हटलं आपणच एकदा कागदावर धड मांडावा.

जर्मनची लढाई चालू होती ते दिवस. पेट्रोल चिठ्ठीवर, आणि मोटारीचा एखादा सुटा भाग मिळाला तर देव पावला. निपाणीत आमची एक जुनी मोटार होती, भाड्यानं धावायची. आमचे मालक तंबाखूच्या वखारीत गुंतलेले, म्हणून मोटारीचा सगळा कारभार माझ्याकडे. शिकले मी मराठी चौथी. पण चौथीनंतर मला कुणी काही शिकवावं असं मला कधी वाटलं नाही, आणि कुणाची हिंमतही झाली नाही.

माझ्या थोरल्या लेकाचं, शंकरचं लग्न ठरलं. मुलगी संकेश्वरची. सोयरीक पुरुषांनी जमवली. मी ना मुलगी बघितली होती, ना व्याहीण. त्यामुळे डोळ्यांपुढं एकच चित्र धरून बसले होते. गोरज मुहूर्त आहे, मांडवाच्या दारात आपली मोटार थांबतीय, नवरदेवामागोमाग वरमाय उतरतीय आणि व्याहीण तांब्या घेऊन पाय धुवायला वाकतीय. बाकीचं वऱ्हाड येईना का बैलगाड्यांतनं. तुम्हाला खोटं कशाला सांगू? शंकरच्या लग्नापेक्षा मला माझ्या उतरण्याची काळजी जास्त होती.

आणि नेमकी लग्नाच्याच आठवड्यात मोटार बिघडली.

आमचा ड्रायव्हर गुंडू. चाळिशीचा गडी, मिशा या कानापासून त्या कानापर्यंत, पण मला बघितलं की त्या मिशा खाली पडायच्या. दारात येऊन उभा राहिला.

"आक्का, मोटार रस्ता धरंना झालीया."

"मग तुला कशाला ठेवलाय? तू धर की."

"म्या धरतोय वो. म्या हिकडं वळवतोय, ती जरा इचार करून वळतीया."

"पिऊन बसला न्हाईस न्हवं?"

"आईची आण आक्का. तुम्ही बसून बघा."

बसले. खरंच, मोटार सरळ रस्त्यावर सुद्धा नव्या सुनेगत या कडेला अंग चोरायची, मग त्या कडेला. मी दादू मिस्त्रीला बोलावणं धाडलं. हा माणूस कामाला चांगला, पण बोलायला असा गोड की मला पहिल्यापासून संशय. गोड बोलणाऱ्या माणसाकडं मी नेहमी दोनदा बघते.

मिस्त्रीनं पुढची बाजू जॅकवर उचलली. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. खटखट. मग गुंडूला आत बसवून स्टेरिंग जरासं इकडं, जरासं तिकडं करायला लावलं, आणि मला म्हणाला, "आक्का, खाली वाका. बोट ठेवा हितं."

पदर खोचून वाकले. दोन चाकांना जोडणारी एक आडवी सळई असते, तिच्या टोकाला गाठीसारखं काहीतरी होतं. बोट ठेवलं.

"काय लागतंय?"

"आतनं कुणीतरी दार वाजवतंय."

"त्योच बॉल जॉइंट. दोन्ही टोकाला एक एक. आपल्या खुब्यागत असतंय. वाटीत गोळी फिरती म्हणून चाक वळतंय. तुमची गोळी झिजलीया, वाटी सैल पडलीया. एक दिस गोळी वाटीतनं भाईर यील आणि दोन चाकं दोन गावाला जातील."

"माझ्या सासूचा खुबा असाच वाजायचा. म्हातारी शेवटपर्यंत चालली."

"त्यांस्नी घाटातनं कुणी पळवलं न्हवतं, आक्का."

निपाणीहून संकेश्वरला जायचं म्हणजे तवंदीचा घाट आलाच. मालकांनी बेळगावात दहा दुकानं पालथी घालून नवे सांधे मिळवले. तेलकट कागदात घट्ट गुंडाळलेलं पुडकं. मी ते न उघडता देवापुढं ठेवलं, वरून हळदकुंकू वाहिलं. चूक इथंच झाली. आधी उघडून बघायला काय झालं होतं? पण देवापुढची वस्तू सोडायची नाही, आमच्यात पद्धत.

लग्नाच्या आदल्या दिवशी मिस्त्री काम करायला आला. मी अंगणात पोतं टाकून त्याच्यासमोर बसले.

तो म्हणाला, "तुम्ही जावा की आत. लग्नघर हाय."

"मी बसते."

का बसले, हे बायकांना सांगायला नको. सोनाराकडं सोनं आटवायला टाकलं की आपण उठतो का? लेकरू रडू दे, पाऊस येऊ दे, बाई तिथनं हलत नाही. डोळा लवला की वालभर सोनं गेलं. माझ्या आईनं मला लिहायला शिकवलं नाही, पण हे शिकवलं. तर तोच कायदा मी मिस्त्रीला लावला. सोनार काय आणि मिस्त्री काय, दोघांच्याही हातात हातोडीच.

पण तुम्हाला ठाऊक आहे, मला एका जागी बसवत नाही. ते काम म्हणजे नुसती ठोकाठोक. नट काढायचा, एका बाजूला जड लोखंड धरायचं, दुसऱ्या बाजूनं हाणायचं, मग तो सांधा सुटायचा. तेवढ्यात मी उठून तिखट कुटायच्या डंकाकडं जाऊन आले, आचाऱ्यावर ओरडून आले, मंडपवाल्याचा एक खांब उपटून दुसरीकडं रोवायला लावला आणि परत पोत्यावर. पायाला भिंगरी, जिवाला भिंगरी. उद्या गोरज, आणि आज मोटार तीन पायांवर.

एवढ्यात माडीवरनं गंगू ओरडली. गंगू म्हणजे माझी धाकटी जाऊ. तिचं-माझं जमतं का? असं समजा, की आम्ही दोघी एका चुलीवर कधी एकदम दूध तापवत नाही.

"जाऊबाई, कासार आलाय. पहिला हात वरमायचा लागतोय. का मी भरू?"

"तू कशानं भरतीस? वरमाय तू हाईस?"

गेले वर. बांगड्या भरताना माझं सगळं लक्ष खाली. कासार म्हणतोय हात ढिला सोडा, आणि मी खिडकीतनं मान काढतीय. चार बांगड्या फुटल्या. पाचवी चढली आणि मी धावत खाली आले.

मिस्त्री नाही.

गुंडू एकटाच उभा. म्हणाला, "सडकंवर लष्कराची लॉरी बंद पडलीया. एक गोरा फटफटीवर आला आणि मिस्त्रीला मागं बसवून घेऊन गेला. न्हाय म्हणायची सोय न्हवती. मला सांगून गेलाय, बसव म्हणून. नुसतं बसवून घट्ट करायचं राह्यलंय."

मी खाली बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

पोत्यावर दोन गोळ्या होत्या. चकचकीत, आरशागत. वाकले तर माझी नथ दिसली त्यात. आणि देवापुढनं आणलेल्या त्या तेलकट कागदात काय होतं? काळं, चिकट, डांबरात बुडवून काढल्यासारखं काहीतरी.

आता तुम्हीच सांगा. बोहारणीकडनं घेतलेलं नवं भांडं काळं असतं का? नव्या तांब्याला चकाकी असते आणि वापरून वापरून तो काळा पडतो, हे शेंबडं पोर सांगेल. माझी नजर हटली तेवढ्यात दादू मिस्त्रीनं डाव साधला होता. नवं बाहेर काढलं, जुनं कागदात कोंबलं. संध्याकाळी नवं घेऊन जाणार आणि दुसऱ्याला लावणार. सोनाराचीच जात.

"गुंडू, ही बसव." मी चकचकीत गोळ्यांकडं बोट दाखवलं.

"आक्का, मिस्त्री कागदातली बसव म्हणालाय."

"कागदात कुणी ठेवली?"

"त्येनंच."

"मग?"

गुंडूनं डोकं खाजवलं. "पर ही पोत्यावरची म्या सोता मोटारीतनं काढल्यागत वाटतंय."

"वाटतंय का काढलीस?"

"मिस्त्री काढत हुता. म्या स्टेरिंगपाशी हुतो."

"मग तुला काय ठाऊक? हातात घेऊन बघ. तुझं तोंड दिसतंय त्यात."

त्यानं बघितलं. तोंड दिसलं. आता स्वतःचं तोंड दिसल्यावर माणूस काय वाद घालणार? बसवल्या. काळ्या गोळ्या मी फडक्यात बांधल्या आणि मोटारीच्या सीटखाली सारल्या. लग्नात मिस्त्रीला जेवायला बोलावलं होतंच. चार माणसांसमोर फडकं सोडून विचारणार होते, हे काय आहे म्हणून.

गुंडूनं शेवटी चाक धरून हलवलं. खटखट.

"आक्का, वाजतंय की."

"नवं हाय. नवी चप्पल वाजत न्हाय? बसायला जरा येळ लागंल."

हे वाक्य माझं. माझ्या तोंडानं बोललेलं. आमच्या घरात आजही कुणी काही मोडकं आणलं की एकमेकांना हेच सांगतात.

मिस्त्री काही रात्री परतला नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच बैलगाड्या पुढं गेल्या. गंगू पहिल्या गाडीत, हिरवं लुगडं नेसून, जणू वरात तिचीच. आम्ही दुपारचं जेवण उरकून निघालो. पुढं गुंडू आणि मालक, मागं मी आणि शंकर. शंकर मुंडावळ्या बांधून, हातात कट्यार लिंबू टोचलेली. मी शालू नेसलेली, नथ घातलेली, आणि दर दोन मिनिटाला सूर्याकडं बघत होते.

"गुंडू, जरा जोरानं घे."

"आक्का, ती इचार करतीया अजून."

"करू दे. लग्नाला निघालीया, इचार करणारच."

घाटात मोटार या कडेला, त्या कडेला. शंकरच्या मुंडावळ्या झोपाळ्यागत झुलायला लागल्या. मालकांनी पटका काढून मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. तोंडातल्या तोंडात नाव कुणाचं घेत होते, कोण जाणे. माझं नक्की नव्हतं.

घाट उतरताना आमच्या गाड्या दिसल्या. मी गुंडूला भोंगा वाजवायला लावला. धुरळा उडवत आम्ही गंगूच्या गाडीवरनं पुढं गेलो. तिनं पदर तोंडाला लावला. खरं सांगते, त्या क्षणी मला जे बरं वाटलं, तसं नंतर नातू झाल्यावरच वाटलं.

घाट संपला, सपाटी लागली. एक खड्डा आला. लहानसाच. मोटार त्यात उतरली, वर आली, आणि खालनं असा आवाज आला जसं कुणी कुलूप तोडलं. गुंडू स्टेरिंग फिरवतोय, फिरवतोय, आणि मोटार हळूच, लाजत, एका तंबाखूच्या शेतात शिरली आणि थांबली.

कुणाला खरचटलं सुद्धा नाही. उतरून बघितलं तर एक चाक निपाणीकडं तोंड करून उभं, दुसरं संकेश्वरकडं. मधली सळई लोंबतीय आणि तिच्या टोकाची वाटी रिकामी, भिकाऱ्यागत उताणी पडलेली. गोळी बाहेर आली होती. मिस्त्री म्हणाला होता ते अक्षर न अक्षर.

थोड्या वेळानं मागनं घुंगरांचा आवाज आला. गाड्या येऊन थांबल्या. गंगू वरनंच म्हणाली, "जाऊबाई, शेत बघाया उतरलाय व्हय? तंबाखू बरी हाय न्हवं औंदा?"

मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मालक म्हणाले, "अगं, मुहूर्त चुकल. शंकरला घेऊन मी गाडीतनं पुढं होतो. तूबी चल."

"आई, चल की," शंकर म्हणाला. "बैलं बी लग्नालाच निघाल्यात."

आता इथं माझ्याजागी शहाणी बाई असती तर काय करती? मुकाट्यानं गाडीत चढती. पण मी म्हटलं, मोटार टाकून मी गंगूच्या मांडीला मांडी लावून मांडवात उतरू? आत्ताच तिला धुरळा खायला घालून?

"तुम्ही व्हा पुढं. गुंडू आत्ता नीट करतोय. तुमच्या आधी पोचते बघा."

गुंडू माझ्याकडं असा बघायला लागला, जसं मी त्याला मोटार प्यायला सांगितलीय.

गाड्या गेल्या. गंगूनं वळून हात हलवला.

"काय लागंल तुला?" मी विचारलं.

"आक्का, ही गोळी आता वाटीत राहात न्हाय. दुसरी पायजे." मग खाली बघत म्हणाला, "त्या काळ्या कुठं हाईत?"

मी सीटखालनं फडकं काढलं. पुरावा म्हणून ठेवलेलं. एका काळ्या गोळीवरचं डांबर शालूच्या पदरानं पुसलं. पुसलं आणि बघतच राहिले. आत निळसर, कोरं करकरीत लोखंड. एक ओरखडा नाही. कारखान्यातनं निघताना गंज धरू नये म्हणून वंगणात बुडवून कागदात बांधलेलं. मग मोटारीतली चकचकीत गोळी हातात घेतली. बोट फिरवलं. एका अंगाला चपटी, चावलेल्या लाडवागत. वर्षानुवर्षं वाटीत घासून घासून तिला ती चकाकी आलेली. आणि मिस्त्रीनं ती रॉकेलमध्ये धुऊन का ठेवली होती? मला झीज नीट दिसावी म्हणून. मला.

मी गुंडूकडं बघितलं. गुंडू आभाळाकडं बघत होता.

"बोल की," मी म्हटलं.

"काय बोलू? तोंड दिसत हुतं त्यात."

मग काम सुरू झालं. गुंडू मोटारीखाली, मी बाहेर. वाकलेली सळई दगडावर ठेवून दगडानंच सरळ केली, धरायला मी. दुसऱ्या बाजूची गोळीही काढायची होती. एका अंगानं मी मोठा धोंडा दाबून धरला, दुसऱ्या अंगानं गुंडू हाणतोय. प्रत्येक घावाला माझी एक बांगडी जातीय. सूर्य खाली चाललाय, आणि मी मध्येच उठून रस्त्यावर जाते, संकेश्वरकडं बघते, परत येते.

"आक्का, एका जागी बसा. धोंडा सुटतोय."

"तिकडं अक्षता पडत असतील रे."

"मग धोंडा धरा."

नव्या गोळ्या वाटीत बसल्या. गुंडू म्हणाला, "आता आत बसा आणि स्टेरिंग जरा हिकडं तिकडं करा. म्या खाली बोट लावून बघतो." बसले. वरमाय, शालू, नथ, आणि दोन्ही हातात स्टेरिंग. रस्त्यानं एक म्हातारा शेळ्या घेऊन चालला होता, त्यानं शेळ्यांना पलीकडच्या अंगानं घेतलं.

"वाजतंय का?" मी वरनं विचारलं.

"मुकं झालंय आक्का. पार मुकं."

निघालो. मोटार आता सरळ धावत होती, पण गुंडू जोरात घेईना. चाकं जरा तिरळी राहिलीत म्हणाला. मी पहिल्यांदाच त्याचं ऐकलं. ऐकायला सुरुवात करायची तर कधी तरी करायलाच लागते.

संकेश्वरात शिरलो तेव्हा दिवे लागले होते. ताशा वाजत होता, आणि ताशाच्या त्या वाजण्यावरनंच मला कळलं. अक्षता पडून गेल्या होत्या. पंगतीची घाई चालली होती. मोटार मांडवाच्या दारात थांबली. जशी थांबायला हवी होती, तशीच. मी उतरले. शालूला वंगण, हाताला वंगण, नथ एका बाजूला, कपाळाचं कुंकू घामानं नाकावर उतरलेलं, आणि बांगडी एक नाही.

समोर पाटावर गंगू बसली होती. पाय धुतलेले, ओटी भरलेली, मांडीवर व्याहिणीनं दिलेलं नवं लुगडं. वरमाय पोचली नाही, मुहूर्त थांबत नाही, मग जागा रिकामी कशी ठेवायची? काकी ती आईच, असं आमच्याच माणसांनी आपसात म्हणून बसवलं होतं तिला, व्याहिणीला पत्ताच नाही. नाही म्हणाली असेल का? तुम्ही गंगूला ओळखत नाही.

तिच्या शेजारी तांब्या घेऊन उभी होती ती व्याहीण. गोरी, ठेंगणी, डोळ्यांत माया. मला बघून तिनं गंगूला हळूच विचारलं, "ह्या कोण?"

गंगूनं माझ्याकडं बघितलं. डोक्यापासून पायापर्यंत. मग म्हणाली, "ह्या व्हय? ह्या मोटारीबरोबर आल्यात."

खोटं आहे का सांगा? एक अक्षर खोटं नव्हतं.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मी माझ्या पायांकडं बघितलं. तंबाखूच्या शेताची माती, त्यावर वंगण, त्यावर धुरळा. आता मी वरमाय म्हणाले असते, तर त्या माउलीला ते पाय धुवायला लागले असते. आणि आख्ख्या मांडवानं विचारलं असतं, कशानं असं झालं म्हणून. सांगायचं कुणी?

व्याहीण पुढं आली. मला परकी समजून आधी कानडीत म्हणाली, "ऊटा आतेन्री?" आणि मी नुसतीच बघत राहिले तेव्हा मराठीत, मोठ्या मायेनं, "जेवला न्हाईसा न्हवं? मोटारवाल्यांचं पान मागल्या दारी मांडलंय. दमलाईसा. जावा, पोटभर जेवा."

गेले. मागल्या दारी गुंडू आधीच मांडी ठोकून बसला होता. मला बघून जरा सरकला आणि पत्रावळ माझ्याकडं ढकलली.

"बसा आक्का," तो म्हणाला. "भात वाढतानाच जास्त घ्या. मोटारवाल्यांस्नी दुसऱ्यांदा इचारत न्हाईत."